मुक्त संगणकप्रणाली आणि आडमुठा पडदा

(शंभर वर्षे मराठी ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या शताब्दीनिमित्त सिल्वासा येथे झालेल्या भाषणाचा पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी संगणकाच्या पडद्याविषयी बोलणे कोणाला अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. शताब्दी ग्रंथांची, वर्गणीदारांची, देणगीदारांची आणि फाटक्या पुठ्ठ्यांना खळ लावून ती वर्षानुवर्षे सांधणाऱ्या सेवकांची असते, हे खरेच. पण ग्रंथालय म्हणजे केवळ कपाटे नव्हेत. हवे ते पुस्तक हव्या त्या वाचकाच्या हाती पडणे, हे ग्रंथालयाचे कार्य. आणि आज त्या कार्याचा पहिला टप्पा, म्हणजे ग्रंथसूची, पुष्कळ ठिकाणी लाकडी खणांतल्या पत्रिकांवरून संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. तो पडदा कोणाच्या मर्जीने उजळतो आणि त्यावर मराठी अक्षर शुद्ध उमटते की नाही, हा प्रश्न म्हणूनच ग्रंथालयाच्या अंगणातला आहे.

यंत्राने लिपीला दाद न देण्याची गोष्ट मराठीला नवी नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आणले. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्या मराठी ग्रंथाला रोमन लिपीचा वेष घ्यावा लागला. कारण यंत्र होते, पण देवनागरीचे खिळे नव्हते. स्थानिक लिपीचे खिळे पाडले जावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात रोमला कळवली होती. ती त्यांच्या हयातीत सफल झाली नाही. पुढे दोन शतकांनी मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील यंत्र पाहिले आणि पाहून पाहून लाकडाचे स्वतःचे यंत्र घडवले. शाईचे प्रयोग केले, शिळाछापाचे तंत्र आत्मसात केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून लोकांपुढे ठेवले. परक्या यंत्राचे मर्म कोणी समजावून सांगत नसेल, तर ते न्याहाळून, चाचपून, चुका करीत जाणून घ्यायचे, ही वाट तेव्हापासून मराठी माणसाच्या परिचयाची आहे. आजच्या विषयातही हीच वाट पुन्हा भेटणार आहे.

विषय आहे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा, आणि तिच्याविषयी वाटणाऱ्या आस्थेइतकाच तिच्यामुळे होणाऱ्या मनस्तापाचा.

संगणकाच्या प्रत्येक कामाचा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणारे एकवीस वर्षांचे लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये अशा प्रणालीचा गाभा लिहून तो जगापुढे खुला ठेवला. त्याआधी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती. या दोन प्रवाहांच्या संगमातून आज जिला सर्वसाधारणपणे लिनक्स म्हणतात ती प्रणाली उभी राहिली. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात आणि त्यामुळे या चळवळीला आपला अर्थ वारंवार समजावून सांगावा लागला. मराठीला ही अडचण नाही. त्यातून सिल्वासाच्या भूमीवर तर हा भेद कोणी शिकवायलाच नको. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी महसुलासाठी पोर्तुगिजांकडे सोपवलेला हा प्रदेश २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाला. तो ‘फुकट’ झाला असे कोणी म्हणणार नाही. मुक्ततेला मोल पडते. लिनक्स वापरणाऱ्यांनाही ते पडते. फक्त ते रुपयांत न पडता पुष्कळदा वेळेत आणि संयमात पडते.

या प्रणालीचे सामर्थ्य वादातीत आहे. जगातील सर्वाधिक वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील सर्वच्या सर्व पाचशे यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभाही लिनक्सचाच. पण माणसाच्या टेबलावरील संगणकाची गोष्ट काढली की चित्र पालटते. २०२४ च्या आरंभी एका प्रसिद्ध मोजणीने जगभरच्या अशा संगणकांत लिनक्सचा वाटा प्रथमच चार टक्क्यांच्या पलीकडे गेल्याचे नोंदवले आणि तेवढ्यावर चाहत्यांनी आनंद मानला. महासंगणकाला पेलणारी प्रणाली ग्रंथपालाच्या टेबलावर का अडखळते, याचे एक मोठे उत्तर पडद्यामागे आहे.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. एखाद्या लहान ग्रंथालयाला जुना संगणक देणगीदाखल मिळतो. उत्साही तरुण सभासद त्यावर लिनक्स बसवून देतो. पहिल्या दिवशी पडद्यावरची अक्षरे फुगलेली, चित्रे ताणलेली दिसतात, कारण प्रणालीला पडद्याचे खरे मोजमाप कळलेले नाही. तो तरुण काही हुकूम टंकतो, पडदा सुधारतो, सगळे संतुष्ट होतात. पंधरा दिवसांनी प्रणाली स्वतःला अद्ययावत करून घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल संगणक सुरू करतात, तर समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. तरुण परीक्षेसाठी परगावी गेलेला असतो. बाहेर पुस्तके बदलायला आलेल्या सभासदांची रांग असते. ग्रंथपाल निमूटपणे जुनी नोंदवही काढतात, आणि त्या दिवसापासून त्या संस्थेत मुक्त प्रणालीचे नावही कोणी काढत नाही. हा प्रसंग कल्पित असला, तरी ज्यांनी लिनक्स वापरले आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल.

असे का होते? संगणकाच्या आत पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी स्वतंत्र भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. कार्यप्रणाली आणि ते कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाची भाषा ते बनवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. कंपनीने ती प्रसिद्ध केली, तर कोणीही कुशल माणूस दुभाषी तयार करू शकतो. पण स्पर्धकांना सुगावा लागू नये, पेटंटांचे दावे अंगावर येऊ नयेत, आतील काही भाग इतरांकडून अटींवर घेतलेला असतो, अशा कारणांनी कंपन्यांनी ही भाषा दीर्घकाळ झाकून ठेवली. विंडोजचा बाजार मोठा. म्हणून त्यासाठी दुभाषी त्या आपण होऊन देत. लिनक्ससाठी दिला तरी मोहोरबंद पाकिटासारखा. आत काय आहे हे पाहण्याची सोय नाही.

येथे दोन भूमिकांची टक्कर होते. लिनक्सचा गाभा घडवणारे म्हणतात, ड्रायव्हरची संहिता खुली करून गाभ्यातच द्या. गाभा बदलला की तीही आम्हीच बदलू. बाहेर राहिलेल्या बंद ड्रायव्हरसाठी आतली रचना गोठवून ठेवण्याचे बंधन ते मुळीच स्वीकारत नाहीत. कंपनी म्हणते, आमचे गुपित आम्ही देणार नाही. दोघांचेही आपापल्या जागी तर्कशुद्ध असते. आणि गाभा बदलला की बंद ड्रायव्हर निखळून पडतो. दोन तर्कशुद्ध भूमिकांच्या मधल्या फटीत ग्रंथपालांचा काळा पडदा जन्म घेतो.

विलक्षण योगायोग असा, की या साऱ्या चळवळीचा उगमच एका ड्रायव्हरच्या मनस्तापात आहे. १९८० च्या सुमारास स्टॉलमन काम करीत त्या मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा नवा छपाईयंत्र मिळाला. त्यात कागद अडकत असे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी कागद अडकल्याची वर्दी सर्वांना देण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची संहिताच त्यांना मिळाली नाही. ज्याच्यापाशी ती होती त्या संशोधकाने, गुप्ततेचे वचन दिले असल्याने, नकार दिला. त्या नकारातून ‘मुक्त आज्ञावली’ या विचाराला धार आली. इतकी वर्षे लोटली, प्रणाली उभी राहिली, जगभर पसरली. पण तिच्या पायात पुन्हा पुन्हा रुतणारा काटा ड्रायव्हरचाच राहिला.

या आघाडीवर काहीच घडले नाही असे मात्र नाही. ए. एम. डी. या कंपनीने २००६ मध्ये एटीआय ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये आपल्या कार्डांची माहिती खुली करण्याचे जाहीर केले. इंटेलने आपल्या अंगभूत ग्राफिक्ससाठी खुल्या ड्रायव्हरचा मार्ग धरला. एनव्हिडियाने मात्र तो फार उशिरा धरला. २०१२ मध्ये फिनलंडमधील एका विद्यापीठात बोलताना टॉर्वाल्ड्स यांनी या कंपनीविषयी जे उद्गार काढले, ते ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाहीत. त्याच कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या नव्या कार्डांपुरता, गाभ्याशी जोडला जाणारा भाग खुला केला. उरलेला मोठा भाग बंदच राहिला. दरम्यान काही स्वयंसेवकांनी ‘नूव्हो’ नावाचा ड्रायव्हर तयार केला होता. कंपनीची कागदपत्रे हाती नसताना, कार्डाला काय संदेश जातो आणि ते काय करते हे बाहेरून न्याहाळून त्यांनी त्याची भाषा उलगडली. गणपत कृष्णाजींची ही वाट. तो ड्रायव्हर वेगात कमी पडतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण कंपनीने आपल्या जुन्या कार्डांच्या काही पिढ्यांचा आधार २०१९ आणि २०२२ च्या अखेरीस काढून घेतला, तेव्हा त्या कार्डांच्या मालकांना आसरा उरला तो मुख्यतः याच मंद पण मुक्त दुभाष्याचा. जुन्या यंत्रांवर निर्वाह करणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तथापि सारा दोष कंपन्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. लिनक्सच्या घरातही पुष्कळ अव्यवस्था आहे. एकाच प्रणालीच्या शेकडो आवृत्त्या. ‘केडीई’ १९९६ मध्ये आणि ‘ग्नोम’ १९९७ मध्ये, असे दर्शनी रूपाचे दोन प्रपंच पाठोपाठ सुरू झालेले. पडदा सांभाळणारी १९८४ ची ‘एक्स’ ही जुनी व्यवस्था आणि २००८ मध्ये सुरू झालेली ‘वेलँड’ ही नवी, यांचे स्थित्यंतर वर्षानुवर्षे लांबलेले. निवडीचे स्वातंत्र्य चांगलेच. पण दुकानात चारशे लुगडी अंथरली तर नवख्या गिऱ्हाइकाला एकही घेता येत नाही. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे जाणकारांची वृत्ती. नवख्याने अडचण सांगितली की ‘आधी माहितीपुस्तक वाचा’ असे उत्तर मिळाल्याच्या कथा थोड्या नाहीत. ग्रंथालयात प्रथमच पाऊल टाकलेल्या वाचकाला ग्रंथपालाने ‘दशांश वर्गीकरण पाठ करून या’ असे सांगितले, तर तो पुन्हा येईल काय? संपूर्ण मुक्ततेचा कडवा आग्रह आणि वापरणाऱ्याची सोय यांतील तिढा खुद्द या चळवळीलाही जाणवला. डेबियन ही तत्त्वनिष्ठेबद्दल ख्यात असलेली आवृत्ती. तिच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन, यंत्रभागांना लागणाऱ्या बंद आज्ञावली अधिकृत संचात देण्याचे ठरवले आणि २०२३ च्या आवृत्तीत त्या दिल्या. तत्त्वाला मुरड पडली. पण पुष्कळांचा पडदा पहिल्याच दिवशी उजळला.

आता मराठी अक्षराकडे वळू. पडदा उजळणे ही अर्धीच लढाई. त्यावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद उमटला पाहिजे. रोमन अक्षरे एकापुढे एक बसतात. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येऊन लेखनात आधी बसतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरे रूप पालटतात. भारतात यावर आरंभी जो उपाय निघाला तोही एक कार्डच होता. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅककडे आले. संगणकात ते कार्ड खोचले की भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. त्याच सी-डॅकने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे खास टंक आले. दिसायला ते सुबक. पण प्रत्येकाची सांकेतिक रचना निराळी. एका टंकात टंकलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर केवळ चिन्हांचा गोंधळ होऊन उमटे, आणि लिनक्सवर तर तो टंक मिळण्याचीच मारामार. अनेक स्मरणिका आणि ग्रंथसूच्या या कुलपांत आजही अडकून पडल्या आहेत.

युनिकोडने हे कुलूप उघडले. तरी मराठीला आपल्या खास अक्षरांसाठी वाट पाहावी लागली. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’ला चंद्र जोडावा, तर अनेक यंत्रांवर त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ येऊन बसे. लिनक्सवर तर एका आज्ञावलीत जोडाक्षर नीट आणि शेजारच्याच आज्ञावलीत मोडलेले, असेही घडे. कारण अक्षरे जुळवणारी यंत्रणा प्रत्येकाची वेगळी होती. ‘पँगो’ आणि पुढे ‘हार्फबझ’ या मुक्त यंत्रणांनी हा गोंधळ बव्हंशी मिटवला. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे मुक्त टंक दिले. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणेही मुक्त टंकांत येऊ शकली, ती टंकांची संहिता खुली होती म्हणूनच. बंद टंकात असे वळण हवे असेल तर कंपनीला विनवावे लागते. मुक्त टंकात ते कोणीही जाणकार घडवू शकतो. ड्रायव्हर बंद राहिल्याने जे बिघडले, ते लिपीच्या बाबतीत संहिता खुली असल्याने सुधारले, हा या कहाणीतला खरा धडा होय.

सिल्वासासारख्या गावी याचे महत्त्व अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४३ हजार होती. त्यात वारली, गुजराती, मराठी, हिंदी अशा कितीतरी बोली आणि भाषा शेजारी नांदतात. येथील ग्रंथसूचीला देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिप्या लागणार. १९८६ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळपाटाचा गुण असा, की ज्या कळीवर देवनागरी ‘क’ आहे, त्याच कळीवर गुजराती ‘क’ आहे. एक लिपी टंकता आली की दुसरी जवळजवळ आपसूक येते. हा कळपाट लिनक्समध्ये मुळातच असतो. तो विकत घ्यावा लागत नाही.

ग्रंथालयांसाठी तर या वाटेवर एक तयार पाथेय आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी आज्ञावली सन २००० उजाडताच कोलमडेल, असे १९९९ मध्ये ध्यानात आले. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी एक लिहवून घेतली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आणून जगाला मोकळी दिली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज भारतातील अनेक ग्रंथालये ती वापरतात. ती लिनक्सवर चालते आणि मराठी शीर्षके मराठी अक्षरांतच नोंदवू देते.

हे सारे आजच सांगण्याचे कारण तातडीचे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. तिच्या पुढची आवृत्ती साधारणपणे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. म्हणजे लहान ग्रंथालयांतून, शाळांतून चालू स्थितीत असलेली असंख्य यंत्रे केवळ अद्ययावत संरक्षण मिळत नाही म्हणून भंगारात निघण्याची भीती आहे. जे पुस्तक वाचता येते ते मुखपृष्ठ जुने झाले म्हणून कोणते ग्रंथालय रद्दीत घालील? या यंत्रांना मुक्त प्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. मात्र वर वर्णिलेला काळा पडदा टाळायचा, तर उत्साहाला विवेकाची जोड हवी.

तो विवेक अवघड नाही. प्रणाली बसवण्याआधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. यंत्रातील मजकुराला धक्का न लागता पडदा, ध्वनी, छपाईयंत्र आणि झोपी गेलेले यंत्र जागे होणे, हे सारे ग्रंथपालांच्या समक्ष पारखता येते. नवे यंत्र घ्यायचे तर खुले ड्रायव्हर असलेले ग्राफिक्स निवडावे. सूची पाहायला आणि पत्रे टंकायला वेगवान खेळांचे कार्ड लागत नाही. पाच वर्षे स्थिर राहणारी आवृत्ती घ्यावी, दर सहा महिन्यांनी पालटणारी नव्हे. गाभा अद्ययावत करण्यापूर्वी जुना गाभा राखून ठेवावा, म्हणजे पडदा काळा झालाच तर त्यावर परतता येते, आणि हे कसे करायचे ते कागदावर मराठीत लिहून यंत्राशेजारी टांगावे. मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाणते हात एकाचेच नसावेत; किमान दोघे शिकलेले असावेत, त्यांत ग्रंथपाल स्वतः असावेत. ज्या दोषाला उपाय सापडत नाही तो घडवणाऱ्यांना कळवावा. मराठी ‘ऱ्य’ मोडतो हे मराठी वाचकाने सांगितले नाही, तर ते हेलसिंकीत कोणाला दिसणार?

शंभर वर्षांपूर्वी गावोगावी ज्यांनी ग्रंथालये उभी केली, त्यांनाही सारे सिद्ध मिळाले नव्हते. कोणी ओसरी दिली, कोणी कपाट दिले, कोणी रोज संध्याकाळी येऊन दिवा लावला. पुस्तक सर्वांचे असावे एवढाच त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी पडणारी गैरसोय त्यांनी आपली मानली. आज पुस्तकाकडे नेणारे यंत्रही सर्वांचे असावे, असा आग्रह धरण्याची वेळ आली आहे. ते यंत्र अडेल, रुसेल, एखाद्या सकाळी काळा पडदाही दाखवील. परंतु त्याची किल्ली वाचकांच्या हाती असेल. आणि ज्याची किल्ली आपल्या हाती आहे ते दार आज ना उद्या उघडतेच.